इम्पोर्ट केलेल्या मॉडेलचे रंग: ठेवायचे, पुसायचे की असेंब्लीत वरून द्यायचे?

सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरून आलेली स्टेप फाइल (वेगवेगळ्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलची देवाणघेवाण करायची फाइल) उघडली, पार्टला करडा रंग दिला, ओके केलं, आणि मॉडेल होतं तसंच लालभडक राहिलं. मी सुरुवातीला फाइल खराब आहे असं समजून तीच पुन्हा पुन्हा इम्पोर्ट करायचो. खरं कारण साधं आहे: रंग फेसवर, म्हणजे पार्टच्या एकेका पृष्ठभागावर, बसलेला असतो आणि आपण तो पार्टवर बदलत असतो. सॉलिडवर्क्समध्ये फेसचा रंग फीचरच्या (भोक, कट अशा एकेका रचनेच्या) रंगाला झाकतो, फीचरचा बॉडीच्या (पार्टमधल्या सलग भागाच्या) आणि बॉडीचा पार्टच्या. असेंब्लीत, म्हणजे अनेक पार्टच्या जोडणीत, कंपोनंटला (तिथे बसवलेल्या पार्टला) दिलेला रंग मात्र या सगळ्यांना झाकतो. पुढचे तिन्ही पर्याय या उतरंडीवरच उभे आहेत.

रंगाला अर्थ असेल तर तो आहे तसाच ठेवा. मोल्डच्या कामात आट्यांची भोकं एका रंगात आणि घट्ट टॉलरन्सचे (मापात फारच कमी फरक चालणारे) फेस दुसऱ्या रंगात दाखवण्याची पद्धत आहे. असा रंग पुसला तर मशीनिंगची माहितीच पुसली जाते, आणि ती परत आणायला मूळ फाइलच उघडावी लागते. अडचण येते ती मॉडेलवर पुढे काम करताना. नव्या कटमधून किंवा फिलेटमधून (गोल केलेल्या कडेतून) तयार झालेल्या फेसला जुना रंग मिळेलच असं नाही, मग पार्टवर ठिगळं लावल्यासारखं दिसतं.

म्हणून जो पार्ट आपणच पुढे बदलत नेणार आहोत, त्याचे रंग सरळ पुसावेत. सॉलिडवर्क्सच्या डिस्प्ले मॅनेजरमध्ये कुठला रंग कशाला लावलाय याची यादी दिसते. तिथून फेस आणि बॉडीवरचे रंग काढायचे आणि पार्टला एकच द्यायचा. मूळ फाइल मात्र बाजूला जपून ठेवा.

मोटर, बेअरिंग, सिलिंडर अशा विकतच्या वस्तूंसाठी मी तिसरा पर्याय निवडतो: पार्टला हात न लावता असेंब्लीत कंपोनंटलाच रंग देणे. पुरवठादाराचं मॉडेल मूळ स्थितीत राहतं आणि वरचा रंग काढला की आतले रंग पुन्हा दिसतात. तोटा एवढाच, की तोच पार्ट दुसऱ्या असेंब्लीत घेतला की रंग पुन्हा द्यावा लागतो.

हे सगळं फाइलमध्ये रंग आलाच असेल तर. स्टेपचे एपी 203, 214, 242 असे उपप्रकार आहेत. त्यातल्या एपी 203 च्या पहिल्या आवृत्तीत रंगाची सोयच नव्हती. एपी 214 मध्ये ती आहे आणि एपी 242 मध्येही आहे. फाइल मागवताना या दोनपैकी एक मागा. हाती आलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघता येते. वरच्या स्कीमाच्या (उपप्रकार सांगणाऱ्या) ओळीत ‘ऑटोमोटिव्ह डिझाइन’ असेल तर ती एपी 214, ‘कॉन्फिग कंट्रोल डिझाइन’ असेल तर एपी 203. मग ‘कलर’ शोधा, पण ब्रिटिश स्पेलिंगने, म्हणजे ‘यू’सह, अमेरिकन स्पेलिंगने काहीच सापडणार नाही. ‘कलर आरजीबी’च्या ओळीत 0 ते 1 मधले तीन आकडे असतात: लाल, हिरवा, निळा. असं काहीच सापडलं नाही, तर इम्पोर्टच्या सेटिंगमध्ये तासभर घालवू नका. रंग पाठवणाऱ्याकडेच गळलाय.

आयजीईएस या देवाणघेवाणीच्या दुसऱ्या फाइल प्रकारात रंग येतात, पण त्यातून बरेचदा भरीव मॉडेलऐवजी सुटी सरफेस (नुसते पृष्ठभाग) हाती लागतात. केवळ रंगासाठी मी तो निवडणार नाही.

एसटीएलवर (मॉडेलचा पृष्ठभाग त्रिकोणांनी मांडणारी, थ्रीडी प्रिंटसाठी वापरली जाणारी फाइल) रंगासाठी अजिबात विसंबू नका. बायनरी एसटीएलमध्ये प्रत्येक त्रिकोणाला 50 बाइट मिळतात. त्यातल्या शेवटच्या 2 बाइटमध्ये काही सॉफ्टवेअर रंग भरतात, पण त्याचं प्रमाणित स्वरूप नाही. दोन पद्धती रूढ आहेत आणि त्यांत लाल-निळ्याचा क्रम उलटा आहे, त्यामुळे एकीकडचं लाल बटण दुसरीकडे निळं दिसू शकतं. रंगीत थ्रीडी प्रिंटसाठी फाइल द्यायची असेल तर थ्रीएमएफ (रंगाची सोय असलेला थ्रीडी प्रिंटचा फाइल प्रकार) द्या.