ऑर्नेट युरोमॅस्टिक्सची ‘जोडी’, तिचा सेटअप आणि अंडी: दीडेक वर्षाच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगतो. दिव्यांना पैकीच्या पैकी, टेंपरेचर गनला त्याहून जास्त, इन्क्युबेटर काठावर पास, आणि ‘खात्रीची जोडी’ म्हणून जे विकलं जातं त्याला भोपळा. प्राणी स्वतः मात्र लाखात एक.

ऑर्नेट हा युरोमॅस्टिक्स नावाच्या सरड्यांतला एक, मूळचा सिनाई, दक्षिण इस्रायल आणि पश्चिम सौदीच्या खडकाळ भागातला. फूट-सव्वाफूट लांब, अंगाने चपटा, शेपटीवर काट्यांची कडी. घरी फोटो पाठवला की पहिला प्रश्न ठरलेला: “घोरपड पाळलीस की काय?” घोरपडीचा आणि याचा काही संबंध नाही. ती मांस खाते, हा पाला आणि बिया. याचा आपल्याकडचा खरा भाऊबंद म्हणजे थर आणि कच्छमधला सांडा, ज्याच्या नावाने बाजारात तेलाच्या बाटल्या खपतात. दोघांतला फरक शेपटीवरच दिसतो. सांड्याच्या काटेरी कड्यांमध्ये बारीक, बिनकाट्यांच्या खवल्यांच्या ओळी असतात, तर युरोमॅस्टिक्सच्या कड्या एकीला एक लागून असतात. २००९ मध्ये सांडा ‘सारा’ या स्वतंत्र प्रजातीत टाकला गेला, त्यामागे हेही एक कारण होतं. भारतातल्या वाचकांसाठी: सांडा १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तो घरात आणायचा विषयच नाही. परदेशी युरोमॅस्टिक्स साइट्स (CITES) या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराच्या यादीत आहेत, त्यामुळे २०२४च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. मी अमेरिकेत फिनिक्सला राहतो, माझे अनुभव इथल्या कोरड्या हवेतले आहेत. इथल्या साउथ माउंटनवर केशरी शेपटीचा चकवाला नावाचा सरडा दिसतो, नवखे त्यालाही युरोमॅस्टिक्स समजतात. त्याच्या शेपटीवर काटे नसतात, एवढं बघितलं तरी पुरे.

बाजारात बाकी जाती ओळखणं मोठ्या प्राण्यांत सोपं आहे. माली जातीचा नर काळा आणि पाठीवर पिवळाधमक, ओमानच्या थॉमसीची शेपटी आखूड आणि तबकडीसारखी, इजिप्तचा तर पाऊण मीटरपर्यंत वाढणारा धटिंगण. पण पिल्लं बहुतेक मातकट, आणि तिथेच गफलत होते. विकणाऱ्याकडे आईबापांचे फोटो नसतील तर मी पुढच्या टेबलाकडे जातो.

आता जोडीबद्दल. एका ब्रीडरकडून ऑर्नेटची ‘जोडी’ घेतली. एक हिरवा-निळा, अंगावर पिवळे पट्टे. दुसरी तपकिरी, फिकट ठिपक्यांची. ऑर्नेटमध्ये नर रंगीत आणि मादी साधी हे खरंच आहे, त्यामुळे चित्र अगदी पुस्तकातलं. काही आठवडे दोघं एकत्र होते. ‘मादी’ दिवसभर दगडाखाली, पाल्याला शेवटी येणारी. मग तिला वेगळ्या पेटीत हलवलं आणि महिन्याभरात तिच्या कुशीवर निळसर झाक आली. बघता बघता ती पहिल्यापेक्षा देखणी, म्हणजे देखणा झाला. दबून राहणारा नर रंग दाखवत नाही, मोकळी जागा मिळाली की फुलतो. हे विकणाऱ्याला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. फोन केला तर उत्तर मिळालं, “रंगावरून सांगितलं होतं, गॅरंटी नव्हती.” पैसे परत मिळाले नाहीत.

त्यानंतर रंग हा पुरावा म्हणून मी मोजतच नाही. प्राणी पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात ठेवून खालून फोटो काढतो आणि मोठा करून बघतो. मांडीच्या आतल्या बाजूने छिद्रांची रांग असते. वयात आलेल्या नराच्या छिद्रांतून मेणासारखे पिवळट खुंट बाहेर आलेले दिसतात, बोट फिरवलं तर कंगव्याचे दाते लागल्यासारखे. मादीत तीच रांग, पण बारीक आणि सपाट. दुसरी खूण शेपटीच्या मुळाशी: बाजूने टॉर्च मारला की नराला दोन फुगवटे आणि मध्ये खळगी दिसते. डोकं रुंद असणं ही तिसरी, सगळ्यात कच्ची खूण. प्रोब, म्हणजे बारीक सळई, घालून बघण्याचे उद्योग घरी करू नयेत. शंका उरलीच तर सरीसृपांच्या डॉक्टरकडे अल्ट्रासाउंड करून घ्यावा. खरी मादी मी दुसरीकडून अशी खालून फोटो मागवून घेतली.

सेटअपचं थोडक्यात. चार बाय दोन फुटांची पीव्हीसी पेटी, हॅलोजन फ्लड दिवा आणि १२ टक्क्यांची टी५ यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब. दिव्याखालचा दगड ५० ते ५५ अंश सेल्सिअस, थंड कोपरा २७च्या आसपास. ऐकायला हे अघोरी वाटतं, पण दगड ४० अंशांवर असताना माझे प्राणी अर्धवट खाऊन पडून राहायचे. पेटीवर चिकटवायचे काट्याचे थर्मामीटर शुद्ध फसवणूक. ते हवेचं तापमान दाखवतात, दगडाचं नाही. टेंपरेचर गन स्वस्त मिळते आणि एकदा घेतली की घरात तव्यापासून गाडीच्या सीटपर्यंत सगळीकडे वापरली जाते. ट्यूब उजेड देत राहिली तरी यूव्हीबी उतरतो, म्हणून मी ती वर्षाने बदलली. पाण्याची वाटी ठेवत नाही, पाल्यातलं पाणी पुरतं. नाकपुड्यांवर पांढरी खपली दिसली तर सर्दी नव्हे, ते बाहेर टाकलेलं मीठ. खाण्यात डँडेलियन, एंडाइव्ह, मोहरीचा पाला आणि इंडियन स्टोअरमधली अख्खी मसूर, कोरडीच. मसुरीसाठी ते हातावर चढतात. पालक मी देत नाही.

प्रजननाची किल्ली हिवाळा. डिसेंबरपासून दिवे हळूहळू सहा-सात तासांवर आणले, रात्री गॅरेजमध्ये १५-१६ अंश. त्याआधी खाणं थांबवून पोट रिकामं होऊ दिलं. फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा उष्णता. दोघांना एकत्र आणलं तेव्हा नर डोकं हलवत मादीभोवती अगदी लहान गोल घेत धावत सुटला. सुरुवातीला ती सरळ पाठीवर उलटी पडली, पाय वर. घाबरू नका, हा नकार असतो; नराला त्या दिवसापुरतं बाजूला काढायचं. काही दिवसांनी तिने मानेला धरू दिलं. मिलनानंतर महिना-सव्वा महिन्यात तिची कूस गोट्या भरल्यासारखी दिसायला लागली आणि ती प्रत्येक कोपरा उकरायला लागली.

अंड्यांसाठी फूटभर खोल टब, माती आणि वाळू, एवढीच ओली की केलेलं भुयार कोसळणार नाही. घातल्यावर मादीने भोक बुजवलं आणि माझ्या हातावर शेपटी फिरवली. ती शेपटी लागते, हातमोजे घाला. अंडी काढताना वरची बाजू पेन्सिलने खूण करून तशीच ठेवायची, फिरवायची नाहीत. म्हणूनच कोंबड्यांच्या इन्क्युबेटरमधली अंडी फिरवणारी ट्रे आधी काढून टाकावी लागते. माझ्या इन्क्युबेटरचा स्क्रीन ३२.५ दाखवायचा आणि आत वेगळा ठेवलेला थर्मामीटरचा प्रोब ३४च्या वर. वेगळा थर्मोस्टॅट जोडला तेव्हा ते डबडं कामाचं झालं. अंड्यांच्या डब्यात व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं खनिज), वजनाने जवळपास तेवढ्याच पाण्यात भिजवलेलं. फिनिक्सची हवा पाणी पिऊन टाकते, म्हणून डब्याचं सुरुवातीचं वजन झाकणावर लिहून ठेवलं आणि जेवढं घटलं तेवढं पाणी कडेने सोडलं. पिवळी पडून चेपलेली अंडी बुरशी धरण्याआधी उचलली. उरलेल्यांतून सत्तरेक दिवसांनंतर पिल्लं आली.

पिल्लं बोटाएवढी, पण भूक राक्षसी. मसूर भरडून द्यावी लागते. एकाच पेटीत ठेवली तर मोठं पिल्लू दिव्याखालची जागा बळकावतं आणि धाकटी शेपटीची टोकं गमावतात, म्हणून आकाराप्रमाणे वेगळी केली. नर की मादी हे पहिली दोनेक वर्षं तरी खात्रीने सांगता येत नाही, त्यामुळे देताना पावतीवर मी ‘लिंग अनिश्चित’ असंच लिहितो. त्याने भाव पडतो.