ईएमएफ मीटर: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

समोरच्या गच्चीवर मोबाइल टॉवर उभा राहिला आणि गल्लीत कॅन्सरच्या गप्पा सुरू झाल्या, तेव्हा हा ईएमएफ, म्हणजे विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारा, मुठीत मावणारा मीटर ऑनलाइन मागवला. आमचं घर सोलापुरात अक्कलकोट रोडला. खाली टॉवेलचे माग, वर बिऱ्हाड. मोजायला तोटा नाही.

चुंबकीय क्षेत्र तो नीट दाखवतो. मागाच्या मोटरीला चिकटवला की 100 मिलीगॉसच्या (हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) वर, कामगार उभा राहतो तिथं 5-6, दारात 1 सुद्धा नाही. मुलीचा पलंग वीजमीटरच्या भिंतीला लागून होता, उशीपाशी 7 यायचे. दोन हात सरकवला, आकडा 1 च्या खाली. पैसे इथंच वसूल.

डोकं उठवतो तो लाल दिवा. 4 मिलीगॉस ओलांडले की पेटतो, वर पीं-पीं. मिक्सरजवळ धरला तर शेजारचे काका, "लाल झालं की ओ!" हा 4 चा आकडा हवेतला नाही. 2000 साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा घरातलं सरासरी क्षेत्र 4 च्या वर असलेल्या मुलांत रक्ताचा कॅन्सर साधारण दुप्पट आढळला. पण अशी घरं अगदी थोडी, क्षेत्रामुळेच आजार झाला हे सिद्ध नाही, आणि मिक्सरची दोन मिनिटं म्हणजे सरासरी नव्हे. म्हणूनच आयएआरसीनं (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) 2002 मध्ये अशा चुंबकीय क्षेत्राला 'कदाचित कर्करोगकारक' अशा 2बी गटात टाकलं. 2011 मध्ये मोबाइलच्या लहरीही तिथंच गेल्या. घरातल्या विजेच्या 50 हर्ट्झला आयसीएनआयआरपीची (अशा किरणोत्सर्गाच्या मर्यादा सुचवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) लोकांसाठीची मर्यादा 2000 मिलीगॉस आहे. माहितीपत्रकात यातलं अक्षर नाही, नुसतं 'धोका'.

टॉवरसाठी मात्र घेऊ नका. मनगट वळलं तरी आकडा उड्या मारतो. भारतात 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आहे, 900 मेगाहर्ट्झच्या मोबाइल लहरींना चौरस मीटरला 0.45 वॅट. ती पाळली जाते का, हे सांगणं या खेळण्याचं काम नव्हे. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर शुल्क भरून मोजणी मागता येते.

सोबत फुकट आलेला 'रेडिएशन चिप' स्टिकर फोनला लावून पाहिला. आकडा तसाच. लहरी खरंच अडल्या असत्या, तर रेंज धरायला फोननंच जोर वाढवला असता.

तीन स्टार. नवा घेणार असाल तर तीन अक्षांचा, म्हणजे तिन्ही दिशांचं एकदम मोजणारा बघा. याला एकच अक्ष, त्यामुळे प्रत्येक जागी तिन्ही दिशांना फिरवून मोठा आकडा धरावा लागतो.