बँकॉकमध्ये ‘राजवाडा आज बंद आहे’ असं कोणी सांगितलं तर

बँकॉकच्या ग्रँड पॅलेसच्या पांढऱ्या भिंतीलगत चालताना इस्त्रीचा शर्ट घातलेला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एखादा सभ्य माणूस तुम्हाला थांबवेल. “इंडिया? मुंबई?” अशी चौकशी करेल आणि हळहळून सांगेल, आज बौद्धांचा सण, राजवाडा दुपारपर्यंत बंद. फसवणूक इथेच सुरू होते. राजवाडा एरवी रोज सकाळी ८.३० ते दुपारी ३.३० पर्यंत उघडा असतो. राजघराण्याच्या समारंभामुळे क्वचित बंद असलाच, तर ते दरवाजावर कळतं, भिंतीपाशी नाही.

मग तो तुमच्याच नकाशावर पेनाने तीन गोल काढतो. उभा बुद्ध आणि ‘लकी बुद्ध’ ही दोन देवळं, आणि मधे एक ‘सरकारी एक्स्पोर्ट सेंटर’, म्हणजे रत्नांचं दुकान. टुकटुकवाल्याला, म्हणजे तिकडच्या रिक्षावाल्याला, हाक मारून तिन्हींचे मिळून २०-४० बाट ठरवूनही देतो. एवढ्या पैशांत कुणाचंच पोट भरत नाही. टुकटुकवाल्याचे पैसे दुकान देतं: गिऱ्हाईक आत सोडलं की पेट्रोलचं कूपन, खरेदी झाली की कमिशन.

खरा डाव देवळात असतो. तिथे सामसूम, आणि एक जण सहज भेटल्यासारखा भेटतो. गप्पांच्या ओघात सांगतो की त्या सेंटरमध्ये करमाफीचा आज शेवटचा दिवस. भिंतीपाशचा माणूस, टुकटुकवाला आणि हा, तिघं एकमेकांना अनोळखी वाटतात, म्हणून तिघांचं जुळणारं बोलणं खरं वाटतं. चांगली जाणती माणसं इथेच अडकतात. यात त्यांच्या हावरटपणाचा काही संबंध नाही.

आपल्या लोकांनी जास्तच जपावं. कुणाला शनीसाठी नीलम घालायला सांगितलेला असतो, आणि थायलंड नीलम-माणकांच्या व्यापारासाठी खरोखरच प्रसिद्ध आहे. दुकानातला खडा काच असेलच असं नाही. हलक्या प्रतीचा किंवा प्रयोगशाळेत बनवलेला नीलम असतो. तोही नीलम ज्याचा असतो ते कोरंडमच, त्यामुळे दुकानातल्या साध्या तपासणीत ‘अस्सल’ ठरतो. भाव मात्र कितीतरी पट. “तुमच्याकडे दुप्पट किमतीला विकाल” असं कानावर पडलं की उठा. पार्सल घरी पाठवायचा आग्रह होतो, कारण खडा हातात राहिला तर तुम्ही लगेच दुसरीकडे दाखवाल.

पैसे दिलेच असतील तर बिल, कार्डाची पावती आणि दुकानाचा फोटो जवळ ठेवा. त्याच दिवशी टुरिस्ट पोलिसांना ११५५ वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. मायदेशी परतल्यावर हे काम फार कठीण होतं.

मुळात टुकटुक लागतच नाही. मेट्रोने सनाम चाईला उतरा किंवा नदीतल्या बोटीने ता चांगच्या धक्क्यावर, पुढे चालत जा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, परदेशी पाहुण्यांच्या तिकिटाचे ५०० बाट काढून ठेवा. वाटेत कोणी काहीही सांगो, थेट मुख्य दरवाजापर्यंत जाऊन गणवेशातल्या पहारेकऱ्यालाच विचारा.