ओरखडे रोखणारी अ‍ॅडिटिव्ह्ज: सिलिकोन, वॅक्स की नॅनो?

रंग-व्हार्निशच्या थरावरचा ओरखडा दोन तऱ्हेचा असतो. नख, अंगठी किंवा खोक्याचा कोपरा वरून घासत जातो तो एक. वाळूचा कण दाबाखाली रुतून चर पाडतो तो दुसरा. पहिल्याला पृष्ठभाग निसरडा असला की भागतं, दुसऱ्याला थरात कठीण कण लागतात. अ‍ॅडिटिव्हच्या, म्हणजे व्हार्निशमध्ये मिसळायच्या द्रव्याच्या, डब्यावर मात्र दोन्हींना ‘स्क्रॅच रेझिस्टंट’च लिहिलेलं असतं, आणि फसगत तिथूनच सुरू होते.

सिलिकोन सगळ्यात कमी मात्रेत काम करतं आणि सगळ्यात दगाबाज. पॉलिइथर-मॉडिफाइड सिलॉक्सेन (सिलिकोनचाच एक प्रकार) 0.1 ते 0.3 टक्के पुष्कळ झालं, म्हणजे 100 किलो व्हार्निशला 100 ते 300 ग्रॅम. एवढीशी मात्रा थेट ओतली तर नीट पसरत नाही. आधी व्हार्निशच्याच सॉल्व्हंटमध्ये 10 टक्क्यांचं द्रावण करावं आणि ढवळणी चालू असताना सोडावं. प्रमाण चुकलं की खड्डे पडतात. त्याहून वाईट म्हणजे वर दुसरा हात मारला तर तो धरतच नाही, पापुद्रा नखानं निघतो. शिवाय साधं सिलिकोन थरात बांधलेलं नसतं, रोजच्या पुसापुशीत हळूहळू निघून जातं. यूव्ही कोटिंगला (अतिनील प्रकाशात कडक होणाऱ्या) अ‍ॅक्रिलेट गट असलेलं सिलिकोन घ्यावं. ते क्युअरिंगमध्ये, म्हणजे थर कडक होताना, रेझिनलाच (थर बनवणाऱ्या मूळ राळेलाच) जोडलं जातं.

मॅट फिनिशला आमची पसंती मायक्रोनाइज्ड (अगदी बारीक दळलेल्या) पॉलिइथिलीन वॅक्सला, 1 ते 2 टक्के. चकाकी थोडी उतरते, पण मॅटमध्ये ती नकोच असते. कणाचा आकार पाहून घ्या: सुकलेला थर 10 मायक्रॉनचा आणि कण 15 चा असेल तर हाताला खरखर लागणारच. वॅक्स बीड मिलमधून (बारीक मण्यांनी दळणाऱ्या यंत्रातून) काढू नये. घर्षणाच्या उष्णतेनं ते मऊ पडून लडबडतं. शेवटी टाकून डिस्पर्सरवर (वेगानं ढवळणाऱ्या यंत्रावर) फिरवलं की पुरे.

वाळूच्या चरांसाठी नॅनो अ‍ॅल्युमिना. कण अतिशय कठीण, पण अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचा आकडा) सुमारे 1.76, रेझिनचा 1.5 च्या आसपास. त्यामुळे गडद रंगावरच्या पारदर्शक थरात धुरकट झाक येते. तिथे सिलिका (1.46) बरी, मात्रा जास्त लागली तरी. पाण्यावरच्या कोटिंगमध्ये आम्लधर्मी अ‍ॅल्युमिना डिस्पर्शन (पाण्यात पसरवलेले कण) अल्कधर्मी इमल्शनमध्ये पडलं तर दूध नासावं तसं फाटतं. आधी 50 ग्रॅमचा नमुना करून आठवडाभर 50 अंश सेल्सिअसवर ठेवा, मग काचेवर ओढून गुठळ्या पाहा.

नुसत्या पेन्सिल चाचणीवर (वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिलींनी थर ओरखडून पाहण्यावर) खरेदी ठरवू नका. तिचा निकाल मुख्यतः मूळ रेझिनवर जातो. दोन घटकांच्या पीयूला (पॉलियुरेथेन कोटिंगला) सात दिवस पुरते मुरू द्या. मग 0000 (अतिबारीक) स्टील वूल, वर 500 ग्रॅम वजन, 20 फेऱ्या, आणि आधी-नंतरची चकाकी 20 अंशांच्या कोनात मोजा. दुसरा पॅनेल आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं नीट पुसून तीच चाचणी करा. त्याचे आकडे पहिल्यापेक्षा बरेच पडले, तर सिलिकोन फडक्यावर आलं.