भरपाईचे जुने कायदे: प्रबंधासाठी केंट घ्यावं की आयर्लंड?

शिक्षेऐवजी भरपाई, या विषयावर प्रबंध लिहायचा तर बहुतेकजण दोन ठिकाणांपाशी अडतात. एक, इंग्लंडमधल्या केंटचा राजा एथेलबर्ट याची इ.स. ६००च्या सुमाराची संहिता. दुसरं, सातव्या-आठव्या शतकातले आयरिश ब्रेहन (म्हणजे न्यायनिवाडा करणाऱ्यांचे) कायदे. मी दोन्हींवर टिपणं काढली आणि आयर्लंडवर लिहिलं.

सोयीला केंटच बरं. जेमतेम नव्वद कलमं. अंगठ्याचे २० शिलिंग, नुसत्या नखाचे ३, डोळ्याचे ५०. खुनाचे १००, त्यांतले २० उघड्या कबरीपाशी मोजायचे आणि ४० दिवसांत सगळा हिशेब पुरा करायचा. मांडणी चोख आहे, प्रबंध वेळेत होतो.

पण मला एक गोष्ट सतत टोचत राहिली. रक्कम ठरते आणि कलम संपतं. मार खाल्लेला माणूस कुठे पडून आहे, त्याच्या शेताचं काय, त्याला भरवतंय कोण, याचा पत्ता लागत नाही.

आयरिश कायदा नेमका तिथेच सुरू होतो. जखमी नऊ दिवस आपल्या घरी राहायचा, मग वैद्य निवाडा द्यायचा. शुश्रूषा लागणार असेल तर मारणाऱ्याने त्याला तिऱ्हाइताच्या घरी न्यायचं, त्याच्या दर्जाप्रमाणे खाऊपिऊ घालायचं, वैद्य बघायचा आणि त्याच्या जागी कामाला माणूस द्यायचा. त्या घरात खेळ नाहीत, मारामारी नाही, कुत्र्यांची झुंज नाही, पोरांना चोपणंसुद्धा नाही! ७००च्या सुमाराचा दुसरा एक ग्रंथ म्हणतो की ही चाल आता मोडली, त्याऐवजी मोबदला देतात. तरीही दुखणाईताचा इतका बारीक विचार मला केंटमध्ये दिसला नाही.

दर्जाचा भेद दोन्हीकडे आहे, तो झाकू नये. आयर्लंडमध्ये कुठल्याही स्वतंत्र पुरुषाच्या जिवाची भरपाई, एरिक, सारखीच: सात कुमल (कुमल हे तिथलं मोल मोजायचं एकक). मानाची भरपाई मात्र दर्जाप्रमाणे वेगळी, आणि बायकोची साधारणपणे नवऱ्याच्या निम्मी. बड्या माणसाकडून येणं वसूल करायचं तर त्याच्या दारात उपाशी बसायचं. इंग्रज कायदेपंडित हेन्री मेन यांनी १८७५ सालीच याचं आपल्याकडच्या धरण्याशी असलेलं साम्य दाखवलं होतं, त्यामुळे मराठी वाचकाला हा भाग फार समजावून सांगावा लागत नाही.

अडचण भाषेची. आयरिश कायद्याचे अभ्यासक डी. ए. बिंची यांनी १९७८ मध्ये सहा खंडांत मूळ आयरिश संहिता छापल्या, पण भाषांतराविना. हाताशी एकच सत्र असेल आणि जुनी आयरिश जाणणारं कोणी जवळ नसेल, तर केंट घेतल्याबद्दल मी कुणाला नावं ठेवणार नाही. वर्षभर मिळणार असेल तर मात्र आयर्लंडच घ्या, असं मला वाटतं. शुश्रूषेचे वरचे नियम ज्या ग्रंथात आहेत, त्याचं बिंची यांनीच केलेलं इंग्रजी भाषांतर १९३८पासून उपलब्ध आहे. आधी ते वाचा, मानाच्या दरांकडे नंतर वळा.