सह्याद्रीवरचा कार्यक्रम चुकू नये म्हणून: महिन्याचा तक्ता, बॉक्समधलं गाइड की मोबाइल?

एके काळी पुढच्या आठवड्यात काय लागणार हे मुंबई दूरदर्शन ‘साप्ताहिकी’तून सांगायचं. कागद-पेन घेऊन समोर बसलं की आठवड्याची सोय व्हायची. आज दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीची तीच माहिती तीन ठिकाणी मिळते: महिन्याचं वेळापत्रक, सेट टॉप बॉक्समधलं गाइड (पडद्यावर दिसणारी कार्यक्रमांची यादी) आणि मोबाइल. तिन्ही ठिकाणी एकाच कार्यक्रमाची वेळ वेगवेगळी दिसते तेव्हा कुणाचं खरं मानायचं, हा प्रश्न घरोघरी पडतो. तिघांची माहिती वेगवेगळ्या टप्प्यांवर तयार होते, म्हणून तिघांच्या चुकाही वेगळ्या असतात.

महिन्याच्या तक्त्याचं मूळ ‘फिक्स्ड पॉइंट चार्ट’मध्ये असतं. सोमवार ते रविवार असे रकाने, अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन आणि प्रत्येक चौकोनात कार्यक्रमाचं नाव. हा सांगाडा क्वचितच हलतो. संध्याकाळी सातच्या बातम्या सातलाच असतात, मालिका ठरलेल्या वारांनाच येतात. पण प्रत्यक्ष प्रसारण चालतं ते त्या-त्या दिवसाच्या ‘क्यू शीट’वर. तिच्यात कार्यक्रम, जाहिराती, प्रोमो सगळं सेकंदांसकट मांडलेलं असतं आणि ती शेवटच्या घटकेलाही बदलू शकते. तक्ता हातात पडतो तेव्हा ती क्यू शीट तयारच झालेली नसते. म्हणून तक्ता वार आणि चौकोन बरोबर सांगतो. कोणता भाग, पाहुणा कोण, विषय काय, हे बहुतेक वेळा सांगू शकत नाही. द्राक्षबागायतदाराला ‘आमची माती आमची माणसं’ कधी लागतं हे तक्त्यात सापडेल, पण द्राक्षावरचा भाग कोणत्या दिवशी आहे हे त्यातून कळायचं नाही.

तक्ता कोलमडतो ते दिवस मात्र आधी ओळखता येतात. आषाढी एकादशीला पंढरपूरची शासकीय महापूजा पहाटेच होते आणि थेट प्रक्षेपण आलं की नेहमीचे चौकोन सरकतात. ही तारीख दरवर्षी हलते: 2025 मध्ये 6 जुलै होती, अधिक महिन्यामुळे 2026 मध्ये 25 जुलै. त्यामुळे गेल्या वर्षीच्या खुणा यंदाच्या तक्त्यावर उतरवून घेऊ नका. निवडणुकीच्या काळात राजकीय पक्षांना दूरदर्शनवर वेळ दिला जातो, तेव्हाही संध्याकाळ बदलते. राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला की करमणुकीचे कार्यक्रम बाजूला पडतात, आणि ते कुठल्याच तक्त्यात आधी येणं शक्य नाही.

तक्ता वाचताना सर्रास होणारी चूक मध्यरात्रीनंतरची. प्रसारणाचा दिवस सकाळी सुरू होऊन रात्री उशिरा संपतो. म्हणून शनिवारच्या रकान्यात सर्वांत खाली 12:30 लिहिलं असेल, तर कॅलेंडरवर तो रविवार उजाडलेला असतो. टायमर शनिवार 00:30 ला लावलात तर रेकॉर्डिंग चोवीस तास आधीचं होतं.

आता बॉक्समधलं गाइड. ते तक्त्यापेक्षा ताजं असू शकतं, पण असेलच असं नाही. वाहिनीसोबत माहिती पाठवली गेली तरच ते भरतं. नाहीतर नुसतं वाहिनीचं नाव दिसतं किंवा चौकोन रिकामे राहतात. त्याहून जास्त घोळ वेळेचा. डिजिटल प्रसारणात ही माहिती जागतिक प्रमाण वेळेत येते आणि बॉक्स त्यात साडेपाच तास मिळवतो. बॉक्सचा टाइम झोन शून्यावर राहिला असेल तर सगळं गाइड साडेपाच तास मागे दिसतं. तपासायला सोपं आहे: सातच्या बातम्या चालू असताना गाइड उघडा. त्या ओळीवर 13:30 दिसलं, तर मेन्यूत ‘टाइम’ किंवा ‘टाइम झोन’ शोधून +5:30 करा आणि ‘समर टाइम’ बंद ठेवा. घड्याळ हाताने पुढे ढकलू नका. स्वस्तातल्या बहुतेक बॉक्समध्ये घड्याळाला वेगळी बॅटरी नसते, त्यामुळे वीज गेली की लावलेली वेळ पुसली जाते.

गाइडचा खरा फायदा रेकॉर्डिंगला. फ्री डिशच्या (दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेच्या) अनेक एमपेग-4 म्हणजे नव्या प्रकारच्या बॉक्सना पेन ड्राइव्ह लावता येतो. साध्या दर्जाच्या वाहिनीचा प्रवाह सेकंदाला 3 मेगाबिट धरला, तर तासाला सुमारे 1.35 जीबी जागा लागते. 32 जीबीच्या ड्राइव्हमध्ये वीसेक तास बसतात. ड्राइव्ह फॅट-32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीच्या पुढे एक फाइल जात नाही. मग लांबलचक नाटकाचे तुकडे होतात किंवा रेकॉर्डिंग मध्येच थांबतं. टायमर गाइडवरून लावला तरी आधी पाच आणि नंतर दहा मिनिटं वाढवून घ्या. बॉक्स रिमोटने बंद करा, भिंतीवरचं बटण चालू ठेवा. ते बंद असलं की टायमर लागत नाही. फ्री डिशवर वाहिन्यांची जुळणी बदलली की पुन्हा स्कॅन करावं लागतं. त्यानंतर जुने टायमर पुसले जातात किंवा भलत्याच वाहिनीवर जातात, म्हणून स्कॅन झाल्या झाल्या टायमरची यादी एकदा पाहावी. डीटीएच आणि केबल कंपन्यांच्या बॉक्सवर केलेलं रेकॉर्डिंग सहसा त्याच बॉक्सवर चालतं, लॅपटॉपवर नाही. कार्यक्रम जपून ठेवायचा असेल तर हे आधीच ध्यानात घ्या.

मोबाइलवर सह्याद्रीचं यूट्यूब चॅनेल आहे, आणि प्रसार भारतीचा ‘वेव्हज’ हा मंच नोव्हेंबर 2024 पासून आला आहे. आजच्या कार्यक्रमात कोण आहे, विषय काय, हे कळायला मोबाइलइतका भरवसा दुसऱ्या कशाचाच नाही, कारण ती माहिती प्रसारणाच्या अगदी जवळ टाकली जाते. चुकलेला भाग नंतर पाहण्याची सोयही इथेच. पण सगळंच इथे येतं असं धरून बसू नका. चित्रपटाचे किंवा गाण्यांचे हक्क फक्त प्रसारणापुरते असतील तर ते कार्यक्रम वर चढवता येत नाहीत. शिवाय 480पी या साध्या चित्रदर्जावर तासाला साधारण अर्धा जीबी डेटा जातो.

मग कशावर भिस्त ठेवायची? घरात आजी-आजोबा पाहणारे असतील तर तक्ताच, आणि तोही पूर्ण नको. त्यांच्या आवडीचे सात-आठ कार्यक्रम निवडा, वार आणि वेळ ठसठशीत अक्षरांत लिहून कागद टीव्हीशेजारी लावा. पुनःप्रसारणाची वेळ वेगळ्या शाईने लिहिली तर चुकलेला भाग कधी पाहायचा ते त्यांना कुणाला विचारावं लागत नाही. छापील तक्ता नसेल तरी अडत नाही: दोन आठवडे रोज नोंद ठेवा. दोन्ही आठवड्यांत जे चौकोन जुळले ते पक्के, जे जुळले नाहीत तिथे प्रश्नचिन्ह.

रेकॉर्ड करणाऱ्याने कार्यक्रमाचं नाव तक्त्यात शोधावं, त्याच दिवशी सकाळी मोबाइलवर पडताळावं आणि टायमर हाताने लावावा. गाइडवरून आपोआप लागणाऱ्या टायमरवर एकदाच येणारा कार्यक्रम सोपवणं धोक्याचं आहे.

संध्याकाळी उशिरा घरी येणाऱ्यांनी तक्त्याच्या फंदात न पडता यूट्यूबवर घंटा दाबून ठेवलेली बरी. परदेशातल्या मराठी घरांचंही तसंच, फक्त थेट पाहायचं असेल तर भारतीय वेळ बदलून घ्यावी लागते. सातच्या बातम्या न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळी 9:30 ला आणि हिवाळ्यात 8:30 ला. लंडनमध्ये दुपारी 2:30 आणि 1:30 ला. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, ब्रिटनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्या तारखांना वेळांचा कागद नव्याने लिहा.