पुणे, छत्रपती संभाजीनगर, लातूर की नांदेड: लौकिक किती, उपयोग किती

शेताचा तुकडा विकून आलेला किंवा निवृत्तीनंतर हाती पडलेला पैसा शहरातल्या घरात घालायचा ठरला, की मराठवाड्यातल्या बहुतेक कुटुंबांत ही चारच नावे निघतात आणि निवड बहुधा नावावरच होते. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. या चारही शहरांचा लौकिक खरा आहे, पण तो एखाद-दुसऱ्या गोष्टीचा आहे: पुण्याचा नोकरीचा, संभाजीनगरचा कारखान्यांचा आणि लेण्यांचा, लातूरचा अकरावी-बारावीचा, नांदेडचा गुरुद्वाराचा. घर मात्र वीस-तीस वर्षांच्या रोजच्या जगण्यासाठी घेतले जाते. त्या हिशेबाने पाहिले, तर वाजवीपेक्षा जास्त मोल सर्वाधिक पुण्याला दिले जाते, त्याखालोखाल लातूरला. आणि नांदेडकडे विनाकारण दुर्लक्ष होते.

पुण्यात नोकरी पक्की असेल, म्हणजे हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपनीत किंवा चाकण-रांजणगावच्या कारखान्यात कायमची जागा असेल, तर पुण्याला पर्याय शोधण्यात अर्थ नाही, कारण तेवढे काम मराठवाड्यातले कोणतेही शहर आज देऊ शकत नाही. प्रश्न आहे तो नोकरी नसताना केवळ ‘मुलांचे भले होईल’ म्हणून पुण्यात घर घेणाऱ्यांचा. आपल्याकडची कितीतरी कुटुंबे नगर रस्त्याने जाऊन वाघोलीच्या आसपास स्थिरावली आहेत. ज्या पैशात संभाजीनगरला किंवा नांदेडला अंगण असलेले घर होते, त्यात तिथे दोन खोल्यांचा फ्लॅट मिळतो, उन्हाळ्यात सोसायटीच्या दारात टँकर उभा राहतो आणि कामावर जाण्या-येण्यात दिवसाचे दोन-तीन तास रस्त्यावर जातात. शिवाय गावाकडे आई-वडील आणि थोडी शेती शिल्लक असेल, तर पेरणीला, दवाखान्याला, सोयऱ्याधायऱ्यांच्या लग्नाला होणाऱ्या खेपांचा खर्च कोणी धरत नाही. पुण्याहून लातूर किंवा नांदेडच्या खेड्यात जाऊन येणे म्हणजे किमान दोन दिवसांची रजा.

स्पर्धा परीक्षेसाठी मुलाला पुण्याला ठेवण्याबाबत तर अधिकच सावध राहावे. सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेत एका खोलीत चार-चार मुले कॉट बेसिसवर राहतात, अभ्यासिकेतली एक खुर्ची महिन्याच्या भाड्याने घेतात, दोन वेळची मेस लावतात, आणि यातले बहुतेक पैसे गावाकडच्या सोयाबीन-कापसातून येतात. राज्यसेवेचा अभ्यासक्रम सगळीकडे तोच आहे, आणि पूर्वपरीक्षेची केंद्रे जिल्ह्याच्या ठिकाणीही असतात. पुण्यात अभ्यासाची सोबत आणि वातावरण मिळते हे खरे, पण ते वर्ष-दोन वर्षे पुरते. त्यापुढचा मुक्काम अनेकदा केवळ गावी रिकाम्या हाताने परतण्याच्या संकोचापोटी लांबतो, आणि मुलाला हे घरच्यांनीच समजून घेऊन मोकळेपणाने सांगायला हवे.

छत्रपती संभाजीनगर हा राहण्यासाठी सर्वांत समतोल पर्याय ठरू शकला असता. १९५८ पासूनचे विद्यापीठ आहे, उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, विभागभरातल्या रुग्णांचा आधार असलेले घाटी रुग्णालय आहे. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथे काम आहे. समृद्धी महामार्गाने मुंबई आणि नागपूर दोन्ही बाजूंची वाट सोपी केली. अडचण एकच आहे, पण ती रोजची आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि ते शहरापासून जेमतेम ५० किलोमीटरवर आहे. तरीही या शहराच्या कितीतरी वसाहतींत वर्षानुवर्षे पाणी रोज न येता काही दिवसांआड येत आले. याचे कारण पाण्याची टंचाई हे नाही. धरण शहरापेक्षा खालच्या पातळीवर आहे, पाणी पंपाने वर चढवावे लागते, आणि ते आणणाऱ्या जुन्या जलवाहिन्या वाढत्या शहराला केव्हाच अपुऱ्या पडल्या. मोठ्या नव्या योजनेचे भूमिपूजन २०२० मध्ये झाले आणि तिचा खर्च पुढे वाढत गेला.

ज्याने हे अनुभवलेले नाही त्याला याचा अर्थ कळणे अवघड आहे. पाण्याचा दिवस कोणता आणि वेळ कोणती हे घरातल्या बाईला पाठ असते. पहाटे तीनला नळ आला तर तीनला उठून आधी पिण्याचे हंडे, मग ड्रम, मग मोटार लावून गच्चीवरची टाकी, असा क्रम ठरलेला असतो, आणि त्या दिवशी बाहेरगावी जायचे ठरले तर घरात कोणीतरी मागे राहते. घर बघायला जाताना फरशी आणि स्वयंपाकघर नंतर पाहावे. आधी शेजारच्या दोन घरांत पाणी कितव्या दिवशी येते, किती वेळ टिकते आणि बोअर उन्हाळ्यात चालते का, एवढे विचारावे. याच शहरात निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने सतराव्या शतकात नहर (भूमिगत जलमार्ग) बांधून डोंगराचे पाणी वस्तीत आणले आणि पुढे पाणचक्कीचे जातेही मातीच्या नळांतून आलेल्या पाण्यावर फिरले, हे आठवले की आजची परिस्थिती जास्तच लागते.

लातूरबद्दल लिहिताना हात आखडतो, कारण या शहराने शिक्षणात जे करून दाखवले ते मोठे आहे. मोठ्या शहरातल्या मुलांचीच समजली जाणारी गुणवत्ता यादी ‘लातूर पॅटर्न’ने ग्रामीण मुलांना खुली केली, आणि आज नीटच्या तयारीसाठी शेजारच्या सगळ्या जिल्ह्यांतून मुले येतात. पण हा लाभ दोन वर्षांचा, फार तर तीन वर्षांचा आहे. त्यासाठी ट्यूशन एरियाजवळ खोली भाड्याने घ्यावी, आईने किंवा आजीने सोबत राहावे आणि परीक्षा झाली की परतावे. त्याच भागात महागडा फ्लॅट विकत घेण्याची गरज नाही, कारण बारावीनंतर तीच मुले पुढच्या शिक्षणासाठी लातूर सोडतात. पाण्याचा इतिहास इथेही विसरू नये: २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडे पडल्यावर मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरवरून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. डाळी आणि सोयाबीनच्या व्यापारात असणाऱ्यासाठी मात्र लातूर आजही चांगले आहे. गंजगोलाईभोवतीची बाजारपेठ आणि डाळमिल त्याला बसल्या जागी काम देतात.

नांदेडचे नाव यादीत नेहमी शेवटी येते, आणि हा अन्याय आहे. गोदावरी शहरातून वाहते आणि विष्णुपुरीचा बंधारा शहराला लागून आहे, त्यामुळे पाणीटंचाईची भीती संभाजीनगर आणि लातूरइतकी नाही. २००८ च्या शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने रस्ते, पूल आणि घाट झाले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, विद्यापीठ आहे, रेल्वेचे विभागीय कार्यालय आहे, आणि हैदराबाद पुण्यापेक्षा कितीतरी जवळ आहे. उणिवाही स्पष्ट आहेत: उद्योग थोडे, उन्हाळा कडक, आणि अतिवृष्टीत गोदावरीकाठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरते, म्हणून नदीकाठचे स्वस्त घर टाळावे. निवृत्त माणसासाठी, शिक्षकासाठी, छोट्या व्यापाऱ्यासाठी मी नांदेडलाच पहिली पसंती देईन. नोकरी शोधणाऱ्या तरुण जोडप्याला संभाजीनगर सुचवेन.

फिरायला जाण्याच्या बाबतीत हिशेब उलटा होतो. राहण्यासाठी ज्या संभाजीनगरबद्दल इतके सावध केले, ते पाहुण्याला दाखवण्यासाठी राज्यात पहिल्या रांगेचे आहे. फक्त त्याची ओळख चुकीच्या टोकाने करून दिली जाते. बीबी का मकबऱ्याला ‘दख्खनचा ताज’ म्हटले की पाहणारा मनात आग्रा घेऊन येतो आणि निराश होतो; ती तुलना सोडून पाहिले तर औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर तिच्या जागी सुंदर आहे. खरे वैभव शहराबाहेर आहे. वेरूळ ३० किलोमीटरवर आणि अजिंठा सुमारे १०० किलोमीटरवर, दोन्ही १९८३ पासून जागतिक वारसा यादीत, आणि दोन्ही एका दिवसात उरकणे हा त्यांच्यावरचा आणि स्वतःवरचाही अन्याय आहे. वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी कैलासाला, म्हणजे डोंगरात कोरलेल्या मंदिराला, निदान दोन तास द्यावेत. आधी बाजूच्या टेकडीवरून कळसाच्या पातळीवर उभे राहून तो वरून खाली कसा कोरत आणला ते पाहावे आणि मगच आत उतरावे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबावे, म्हणजे पद्मपाणीचा चेहरा हळूहळू उमटतो.

नांदेडचा गुरुद्वारा आणि तिथला लंगर यासाठी एक दिवस पुरतो. लातूरला केवळ पर्यटनासाठी जाण्याचे कारण नाही, उदगीरचा किल्ला पाहायचा असेल तर वाटेत थांबावे. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, म्हणून तीन दिवसांची सहल बुधवारी किंवा गुरुवारी सुरू करावी आणि मधला एक दिवस दौलताबाद आणि खुलताबादसाठी मोकळा ठेवावा.